वाचकांचे प्रश्न : मुलींच्या सुंतेविरुद्धचे भाषण जोखताना

प्रश्न : मी फोंडा तालुक्यातील एका उच्च माध्यमिक विद्यालयात मराठी शिकवते. आमच्या वक्तृत्व स्पर्धेत अकरावीच्या एका विद्यार्थिनीने मुलींच्या सुंतेविरुद्ध भाषण केले. सुरुवातीला तिने श्रोत्यांना सात वर्षांच्या मुलीच्या जागी बसवले : आजी आइस्क्रीमचे आमिष दाखवून नातीला मुंबईतील एका अंधाऱ्या खोलीत नेते, तिथे एक अनोळखी बाई ब्लेड घेऊन बसलेली असते. त्यानंतर ‘जगात तेवीस कोटी स्त्रिया’, ‘दर वर्षी लाखो मुली दगावतात’, ‘कुराणात याचा उल्लेखही नाही’, ‘भारतात कायद्याने बंदी असूनही’ आणि ‘या आया नव्हेत, कसाई आहेत’ अशी वाक्ये आली. सभागृह सुन्न झाले आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. एका परीक्षकाने तिला पहिला क्रमांक दिला. दुसऱ्यांनी मात्र ‘भावनेला हात घालून मिळवलेली टाळी म्हणजे युक्तिवाद नव्हे’ असे सांगून गुण कापले. भाषणाची संहिता सोबत पाठवत आहे. अशा भाषणाचे मूल्यमापन कोणत्या निकषांवर करावे?

उत्तर : संहिता लक्षपूर्वक वाचली. भावनेला हात घातला म्हणून गुण कापणे मला मान्य नाही. लहान मुलीला फसवून नेऊन तिच्या शरीराचा भाग कापणे ही घटनाच वेदनेची आहे आणि ती निर्विकारपणे सांगणे हे सत्याच्या अधिक जवळ जाणे ठरत नाही. परीक्षकाने विचारायचे ते इतकेच की, श्रोत्याच्या मनात जागी झालेली भावना खऱ्या वस्तुस्थितीतून आली आहे का, आणि वक्ता ज्या निष्कर्षाकडे नेऊ पाहतो त्याच निष्कर्षाकडे ती नेते का.

या कसोटीवर भाषणाचा आरंभ चांगला उतरतो. शिया मुसलमानांमधील दाऊदी बोहरा समाजातील अनेक स्त्रियांनी आपले अनुभव उघडपणे सांगितले आहेत आणि त्यांत वय साधारण सात वर्षांचे, घरातलीच मोठी बाई, फिरायला किंवा खाऊसाठी नेण्याचे आमिष, हे तपशील वारंवार येतात. आइस्क्रीमचा उल्लेख रक्ताच्या वर्णनापेक्षा जास्त परिणाम करतो, कारण त्यातून शारीरिक वेदनेबरोबर विश्वासघातही दिसतो. हा तपशील निवडण्यात तुमच्या विद्यार्थिनीची जाण दिसते.

पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी ती लिहिते : ‘मग तिला शिवून टाकले जाते आणि पुढे बाळंतपणात ती जिवाला मुकते.’ भाषणातील सर्वांत मोठा दोष या वाक्यात आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या प्रथेचे चार प्रकार मानले आहेत. पहिल्यात शिश्निका (क्लिटोरिस) किंवा तिच्यावरील त्वचेचे आवरण अंशतः वा पूर्णतः काढतात. दुसऱ्यात आतील भगोष्ठही (योनीमुखाचे ओठ) कापले जातात. तिसऱ्यात कडा जोडून योनिमार्गाचे तोंड अरुंद केले जाते. चौथ्यात टोचणे, चिरणे, डागणे असे इतर सर्व प्रकार येतात. बोहरा समाजात ज्याला खतना किंवा खफ्द म्हणतात तो प्रामुख्याने पहिल्या प्रकारात मोडतो, काही वेळा चौथ्यात. शिवण्याचा प्रकार सोमालिया, सुदान, जिबूती या भागांतला आहे. विद्यार्थिनीने प्रसंग मुंबईचा घेतला आणि परिणाम सोमालियाचे जोडले. फोंड्याच्या सभागृहात हे कोणाच्या लक्षात आले नसेल; पण त्या समाजातील एखादी स्त्री तिथे असती, तर ‘आमच्याकडे असे काही होतच नाही’ एवढ्या एका वाक्यात तिने संपूर्ण भाषण नाकारले असते आणि त्या मुद्द्यापुरते तिचे म्हणणे खरेही ठरले असते.

हा फरक किती महत्त्वाचा आहे ते २००६ साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातून कळते. आफ्रिकेतील सहा देशांतल्या २८ प्रसूतिकेंद्रांत २८ हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी त्यात केली होती. सुंता न झालेल्या स्त्रियांच्या तुलनेत तिसऱ्या प्रकारात प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि सिझेरियनची शक्यता सुमारे ३१ टक्क्यांनी वाढलेली दिसली. पहिल्या प्रकारात मात्र या दोन्ही बाबतींतली वाढ ३ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होती. याचा अर्थ पहिला प्रकार निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा त्रास, पुढे लैंगिक संबंधांतील दुःख आणि मनावर राहिलेला धसका हे त्यातही आहेतच आणि आरोग्याला त्याचा कोणताही फायदा नाही. पण मुंबईच्या मुलीबद्दल बोलताना बाळंतपणातील मृत्यूचा आधार घेतला, तर खरा भक्कम आधार हातचा जातो. तो आधार असा की, संमती देण्याचे वय नसलेल्या मुलीच्या निरोगी शरीराचा भाग, तिला कोणताही लाभ नसताना, फसवून कापला जातो. कापलेला भाग कितीही लहान असला तरी हे विधान ढळत नाही.

आकड्यांबाबत थोडक्यात लिहितो. २३ कोटींहून अधिक हा युनिसेफचा २०२४ चा अंदाज आहे आणि तो योग्यच दिला आहे. त्यातील १४ कोटींहून अधिक स्त्रिया आफ्रिकेतील, ८ कोटींहून अधिक आशियातील आणि सुमारे ६० लाख मध्यपूर्वेतील आहेत. मात्र हा आकडा ज्या ३१ देशांच्या माहितीवर उभा आहे त्यांत भारत नाही. मुंबईच्या प्रसंगाला जोडून तो सांगितला की श्रोत्यांना भारतातली प्रथाही त्यात मोजली आहे असे वाटते. ‘दर वर्षी लाखो मुली दगावतात’ हे विधान तर टिकतच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने १५ आफ्रिकी देशांत मिळून वर्षाला सुमारे ४४ हजार अधिक मृत्यू होत असावेत असा अंदाज मांडला आहे आणि तोही गृहीतकांवर आधारलेला आहे. चव्वेचाळीस हजार ही संख्या कोणाचेही मन हलवायला पुरेशी आहे. ती फुगवण्याचे कारण नव्हते.

‘कुराणात उल्लेख नाही’ हे विधान खरे आहे, तरी पटवून देण्याचे साधन म्हणून ते कच्चे आहे. धर्म पाळणारा माणूस केवळ मूळ ग्रंथावर चालत नाही. त्याच्यासमोर परंपरा असते, विधिनियमांचे ग्रंथ असतात, गुरूचा शब्द असतो. सुन्नींमधील शाफी परंपरेत या प्रथेला मान्यता आहे आणि बोहरा समाज ज्या ग्रंथाचा आधार घेतो तो दहाव्या शतकातील काझी नुमान यांचा ‘दआइम अल-इस्लाम’ आहे. उलट इजिप्तमध्ये मुसलमानांबरोबर कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांतही ही चाल आढळते आणि तिचे मूळ दोन्ही धर्मांहून जुने मानले जाते. हा मुद्दा विद्यार्थिनीने घेतला असता, तर प्रश्न एका धर्माच्या माथी मारण्याचा दोषही टळला असता. इजिप्तच्या अल-अझहर या सुन्नी विद्यापीठातील सर्वोच्च धर्मपंडितांनी २००७ मध्ये या प्रथेला इस्लामी धर्मशास्त्रात मूलभूत आधार नसल्याचे जाहीर केले. इजिप्तमधील सुन्नी श्रोत्यापुढे हा आधार वजनदार आहे. दाऊदी बोहरा श्रोत्यापुढे त्याला तेवढे वजन नाही, कारण तो समाज शिया इस्माइली आहे आणि त्यांच्या सय्यदनांचा, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूंचा शब्द त्यांना प्रमाण असतो. २०१६ मध्ये अनेक पाश्चात्त्य देशांतील बोहरा जमातींनी आपल्या सभासदांना तेथील कायदा पाळून ही प्रथा करू नये, अशी पत्रे पाठवली. त्या समाजाशी बोलताना हा दाखला अधिक उपयोगी पडेल.

आता ज्या वाक्याला बहुधा सर्वांत मोठी टाळी मिळाली असेल त्याकडे वळतो : ‘या आया नव्हेत, कसाई आहेत.’ युक्तिवाद म्हणून हे वाक्य मला संपूर्ण भाषणात सर्वांत निष्फळ वाटते. मुलीला त्या खोलीत नेणारी बाई तिचा द्वेष करत नाही. आपली नात शुद्ध मानली जावी, तिचे लग्न चांगल्या घरी व्हावे, बिरादरीत तिच्याकडे कोणी बोट दाखवू नये, याच काळजीपोटी ती हे करते आणि तिच्या स्वतःच्या बाबतीतही हेच झालेले असते. भाषणाने जिचे मत बदलायला हवे ती हीच बाई आहे, कारण निर्णय तिच्या हातात आहे. तिला कसाई म्हटल्यावर ती कान बंद करते आणि टाळ्या वाजवतात ते आधीपासून सहमत असलेले लोक.

केनियाचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. १९२९ च्या सुमारास तेथील स्कॉटिश मिशनने किकुयू जमातीतील ख्रिस्ती लोकांकडे मुलींच्या सुंतेचा जाहीर त्याग करण्याची मागणी केली. परिणामी असंख्य लोक मिशनची चर्च आणि शाळा सोडून गेले, त्यांनी स्वतंत्र शाळा काढल्या आणि सुंता ही वसाहतवादाविरुद्धच्या अस्मितेची खूण होऊन बसली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जोमो केन्याटांनीही तिचे समर्थन केले. १९५६ मध्ये मेरू भागात इंग्रज अधिकाऱ्यांच्या प्रेरणेने स्थानिक मंडळाने बंदी घातली, तेव्हा किशोरवयीन मुलींनी ब्लेड घेऊन एकमेकींची सुंता केली आणि पुढच्या काही वर्षांत दोन हजारांहून अधिक जणांवर खटले भरावे लागले. वैद्यकीय सत्य मिशनऱ्यांच्या बाजूने होते. पण सांगणारा कोण आणि कोणत्या सुरात सांगतो, याने त्या सत्याची वाट लागली.

आपल्याला हे अपरिचित नाही. १८९१ च्या संमतिवयाच्या, म्हणजे मुलीशी शरीरसंबंधाचे किमान वय वाढवण्याच्या वादात पतीच्या शरीरसंबंधामुळे झालेला दहा-अकरा वर्षांच्या फुलमणी दासीचा मृत्यू सर्वांसमोर होता, तरी परकीय सरकारने आमच्या घरात हात घालू नये, हा टिळकांचा मुद्दा महाराष्ट्रात केवढा तरी गाजला. १८८४ पासून हा विषय लावून धरणारे बेहरामजी मलबारी पारशी होते आणि ‘हे बाहेरचे’ एवढे म्हणून त्यांचे म्हणणे अनेकांनी झटकले. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी मात्र धर्मशास्त्रातील वचनेच पुढे ठेवून सुधारणेची बाजू मांडली, म्हणून त्यांना वचनांनीच उत्तर द्यावे लागले. गोव्यात मुलींना देवाच्या नावाने वाहण्याची चाल मोडण्यासाठी राजाराम पैंगीणकरांसारखी त्याच समाजात जन्मलेली माणसे उभी राहिली, आणि आज आपण ज्याला अभिमानाने गोमंतक मराठा समाज म्हणतो त्याच्या उभारणीमागे बाहेरच्यांच्या शिव्यांपेक्षा आतल्यांचा निर्धार होता.

सेनेगलमध्ये हेच घडले. १९९७ च्या जुलैमध्ये मालिकुंडा बांबारा या गावातील स्त्रियांनी प्रथा सोडल्याचे जाहीर केले. तोस्तान या संस्थेच्या वर्गांत त्या आरोग्य आणि हक्क यांविषयी शिकत होत्या आणि निर्णय त्यांचा स्वतःचा होता. शेजारच्या एका गावचे इमाम देंबा दियावारा यांनी एक व्यवहारी अडचण दाखवून दिली : ज्या गावांशी सोयरिक होते ती सगळी गावे एकत्र ठरवत नाहीत तोवर एकटे घर मागे हटणार नाही, कारण मुलीचे लग्न अडेल. मग ते स्वतः पायी गावोगाव, नातलगांकडे फिरले आणि १९९८ मध्ये तेरा गावांनी मिळून शपथ घेतली. गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६ मध्ये चीनमधील मुलींचे पाय बांधण्याच्या चालीशी तुलना करून हेच दाखवले होते. तिथे पालकांच्या मंडळांनी ‘आम्ही मुलींचे पाय बांधणार नाही आणि मुलांना तशा मुलीही करणार नाही’ अशी दुहेरी प्रतिज्ञा घेतली आणि शेकडो वर्षांची चाल एका पिढीत मोडली. ज्या भाषणात आईच्या या अडचणीचा विचार नाही ते कितीही हृदयद्रावक असले तरी अर्धेच आहे, असे माझे ठाम मत आहे.

एका आक्षेपाला भाषणात उत्तरच नाही. ‘मुलग्यांची सुंता चालते, मग मुलींचीच का नको?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही प्रथेच्या समर्थकांनी मांडला आहे. काही आफ्रिकी देशांत एचआयव्हीचा प्रसार कमी करण्यासाठी पुरुषांच्या स्वेच्छेने केलेल्या सुंतेची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये केली. मुलींच्या बाबतीत असा कोणताही लाभ आढळलेला नाही, हे उत्तराचे एक अंग. पण अजाण बालकाच्या संमतीचा प्रश्न मुलग्यांच्या बाबतीतही उरतो, हेही वक्त्याने मान्य करायला हवे. विरोधी बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा स्वतःहून मांडून त्याला तोंड देणाऱ्याला मी नेहमी अधिक गुण देईन.

म्हणून माझी सूचना अशी : प्रसंगनिवड, भाषा आणि सादरीकरण यांचे पूर्ण गुण द्यावेत, वस्तुस्थितीच्या अचूकतेचे निम्म्याहून अधिक कापावेत, आणि ‘हे भाषण कोणाला पटायला हवे होते’ याचा विचार केल्याबद्दलचे गुण स्वतंत्रपणे ठेवावेत. ते गुण या वेळी तिला मिळणार नाहीत. हे तिला बोलावून नीट समजावून सांगावे, कारण या मुलीत पुढच्या वर्षी खरोखर मोठे भाषण करण्याची ताकद आहे.

प्रश्न : आम्ही मडगावला राहतो. हा विषय दुसऱ्या समाजाचा आहे. आपण हिंदूंनी किंवा ख्रिस्तींनी त्यावर बोलावे का? बोललो तर द्वेष पसरवल्यासारखे होत नाही का?

उत्तर : बोलावे, कारण मूल कोणत्याही घरातले असले तरी त्याच्या शरीराची काळजी सर्वांची आहे. मात्र त्या समाजातील स्त्रिया काय म्हणतात ते आधी ऐकावे आणि शक्य तिथे त्यांच्याच तोंडून मांडावे. बोहरा समाजातील मासूमा रनाळवी यांनी स्वतःचा अनुभव जाहीरपणे मांडून २०१५ पासून चळवळ उभी केली, त्याच वर्षी ‘सहियो’ ही संघटना सुरू झाली. त्याच समाजातील काही स्त्रियांनी संघटना काढून ही प्रथा आमच्या धर्मस्वातंत्र्याचा भाग आहे आणि तिने इजा होत नाही, अशी उलट बाजू न्यायालयात मांडली आहे, हेही सांगावे. त्यांना लपवून केलेला युक्तिवाद प्रामाणिक नव्हे. गोव्याच्या बाजारपेठेतील एखाद्या ओळखीच्या कुटुंबाकडे संशयाने पाहण्याचा अधिकार कोणत्याही भाषणाने श्रोत्याला देता कामा नये. पहिल्या रांगेत एक बोहरा आजी आपल्या नातीसह बसली आहे, असे समजून वक्त्याने प्रत्येक वाक्य तपासावे. तिच्यासमोर जे वाक्य उच्चारायला जीभ अडखळेल ते गाळावे आणि जे तिला ऐकवायलाच हवे ते मात्र धैर्याने ठेवावे.

प्रश्न : भारतात मुलींच्या सुंतेवर बंदी आहे की नाही? वर्तमानपत्रांत दोन्ही वाचायला मिळते.

उत्तर : या प्रथेचे नाव घेऊन बंदी घालणारा स्वतंत्र केंद्रीय कायदा भारतात नाही, म्हणून ‘बंदी असूनही’ हे वाक्य चूक आहे. मात्र शारीरिक इजा करण्याविरुद्धची फौजदारी कलमे आणि बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा २०१२ चा पॉक्सो कायदा तिला लागू होतो, असे याचिकाकर्त्यांचे म्हणणे आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्या वर्षाअखेरीस केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने आपल्याकडे अधिकृत आकडेवारी नसल्याचे सांगितले, पुढच्या वर्षी मात्र केंद्र सरकारने याचिकेला पाठिंबा दिला. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेले आणि २०१९ मध्ये शबरीमला मंदिरप्रवेशाच्या निकालाच्या फेरविचाराबरोबर धर्मस्वातंत्र्याच्या व्यापक प्रश्नांशी जोडले गेले. गोव्यापुरते सांगायचे तर २००३ चा गोवा बाल कायदा आपल्याकडे आहे, त्यात बालकावरील शारीरिक आणि मानसिक अत्याचाराची व्याख्या व्यापक आहे आणि अशा खटल्यांसाठी बाल न्यायालयही आहे. वक्त्याने ‘स्वतंत्र कायदा नाही, पण अस्तित्वात असलेले कायदे पुरेसे आहेत की नाहीत हा प्रश्न न्यायालयापुढे आहे’ असे म्हणावे. हे वाक्य लांब आहे, पण उलटतपासणीत टिकेल.